धाप, गवत आणि दुर्बीण

घोडा तोंडाने श्वास घेत नाही. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो, भर उन्हात बैल तोंड उघडतो, माणसाचे नाक चोंदले तर तो तोंडावर भागवतो. घोड्याला ही सोय नाही. त्याच्या घशातला मऊ टाळू लांब असतो आणि स्वरयंत्राच्या बुडाशी घट्ट बसलेला असतो, त्यामुळे घासाची वाट वेगळी आणि हवेची वाट वेगळी. घास गिळतानाच क्षणभर ही मांडणी मोडते आणि लगेच पुन्हा जागेवर येते. म्हणजे हवा जायची ती दोन नाकपुड्यांतूनच, आणि त्या वाटेवर कुठेही अडथळा आला तर दुसरी वाट उपलब्ध नाही.

निवांत उभा असलेला घोडा मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, दर वेळी साधारण पाच लिटर हवा. तोच घोडा भरधाव सुटला की श्वास मिनिटाला १२० च्या वर जातात, एकेक श्वास १२ ते १५ लिटरांचा होतो, आणि मिनिटाला दीड हजार लिटरांहून अधिक हवा त्या नाकपुड्यांतून आत-बाहेर करते. शिवाय चौखूर धावताना एका झेपेला एक श्वास अशी गाठ पडलेली असते, त्यामुळे दम कमी पडला म्हणून दोन श्वास जास्त घेईन, असे त्याला करता येत नाही. शांत उभा असताना ज्या अडथळ्याचा पत्ताही लागत नाही, तो धावताना घोड्याला का थांबवतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आणि ही सगळी वाट झाकलेली. नाकपुडीपासून श्वासनलिकेच्या दुभाजनापर्यंत प्रौढ घोड्यात सव्वा मीटरहून अधिक अंतर आहे. बाहेरून दिसते ती फक्त नाकपुडी. घोडा दमला, खोकला, नाकातून पाणी आले, रक्ताची रेघ दिसली, धावताना घशातून घरघर किंवा शीळ ऐकू आली, तर यातली प्रत्येक खूण चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकते. खोकला घशातला की फुप्फुसातला, हे नुसत्या आवाजावरून छातीठोक सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. त्यांत माझे काही चांगले मित्रही आहेत.

आपल्याकडे घोडा पारखायची रीत जुनी आणि मोठी तपशीलवार आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे गिऱ्हाईक घोड्याचे भोवरे मोजतो, त्यांतला शुभ मानलेला देवमण शोधतो, चारही पाय आणि कपाळ पांढरे असले तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो, ओठ उचलून दातांवरून वय काढतो, चाल बघतो. हे सगळे बघून झाल्यावर घोडा दोनशे-चारशे मीटर दौडवून, त्याच्या डोक्याशी उभे राहून श्वास ऐकणारा गिऱ्हाईक मात्र विरळा. भोवऱ्यांवर माझा आक्षेप नाही. ज्याला त्यांत समाधान आहे त्याने ते बघावेत. पण वरातीत बँडपुढे नाचायचे काय किंवा माथेरानच्या चढावर माणूस वाहून न्यायचे काय, ते भोवऱ्याच्या जोरावर होत नाही.

वसई-विरारला बसून घोड्यांच्या श्वासाबद्दल पुस्तक लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. घोड्यांची गोष्ट म्हटली की डोळ्यांपुढे येतात ती महालक्ष्मी आणि पुण्याची रेसकोर्स. तिथे शर्यतीच्या घोड्यांच्या दिमतीला पशुवैद्य असतात, नाकातून आत बघायच्या दुर्बिणी असतात, आणि एका घोड्यामागे एक मोतद्दारही असतो. आमच्या भागातले घोडे वेगळे. स्टेशनांबाहेर एके काळी उभे असणारे टांगे रिक्षांनी केव्हाच हटवले. मुंबईतल्या व्हिक्टोरियांवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालाने गदा आली. आता इथे उरले आहेत ते वरातीचे घोडे, समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारणारे घोडे, आणि हौशी मंडळींनी वाडीत बांधलेले एखाददुसरे जनावर. त्यांच्या मालकांना दुर्बिणीची तपासणी म्हणजे श्रीमंतांचे काम वाटते. मला वाटते, या घोड्यांनाच तिची गरज अधिक आहे. शर्यतीचा घोडा अर्धा सेकंद मागे पडला तरी लगेच कुणाच्या तरी लक्षात येते. वरातीचा घोडा महिनोन्‌महिने धापत उभा राहतो, आणि लग्नसराईत त्याला फटाक्यांच्या धुरात नाचवले जाते.

कोकणची ही किनारपट्टी मुळात घोड्यांची भूमी नव्हेच. इथले घोडे पिढ्यान्‌पिढ्या बाहेरून आणलेले. तेराव्या शतकाच्या अखेरीस या किनाऱ्याबद्दल लिहिताना मार्को पोलोने ठाण्याच्या राजाचा एक खासा करार नोंदवला आहे: समुद्रावरच्या चाच्यांनी लुटलेला बाकीचा माल त्यांनी ठेवावा, घोडे मात्र राजाला द्यावेत. समुद्रमार्गे येणाऱ्या घोड्यांचा दर काय असेल, याची यावरून कल्पना यावी. वसईच्या खाडीपलीकडे घोडबंदर आहे. तिथे अरबी घोडे गलबतांतून उतरत, असे सांगतात. कोरड्या हवेत वाढलेले जनावर आपण दमट, चार महिने ओल्या राहणाऱ्या मुलखात आणून बांधले, आणि त्याला इथलेच गवत घातले.

या गवताबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते या विषयाचे मूळ तिथे आहे. वसई, पालघर, वाडा, डहाणू या पट्ट्यातले डोंगरउतारावरचे गवत मुंबईच्या तबेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहे. पावसाळा सरला की कापणी, मग पेंढ्या, मग दाबून बांधलेल्या गासड्या, मग वाहतूक. ते कापणाऱ्या हातांचा इतिहासही याच जिल्ह्यातला. १९४६ च्या हंगामात वारल्यांनी ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी मागितली आणि ती मिळेपर्यंत विळे खाली ठेवले. त्या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात आहे. घोड्यांच्या वैद्यकावरच्या पुस्तकात तिचा उल्लेख अस्थानी वाटेल, पण मुंबईच्या घोड्याच्या नाकापर्यंत पोचणारी धूळ कुठून निघते आणि कुणाच्या श्रमातून येते, हे वैद्यालाही ठाऊक असावे.

कापणीच्या दिवसांत परतीचा पाऊस येतो. गवत पुरते वाळण्याआधी बांधले गेले की गासडीच्या पोटात ऊब धरते, आणि तिथे बुरशी व उष्णतेत वाढणारे जिवाणू माजतात. वरून पेंढी सोनेरी दिसते. ती सोडून झटकली की करडा धुरळा उठतो. या धुरळ्यातले कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. काही घोड्यांची श्वासनलिका त्यांना चवताळून उत्तर देते: आतले अस्तर सुजते, चिकट शेंबूड साठतो, बारीक नळ्या आवळल्या जातात. पूर्वी याला घोड्याचा दमा, धाप, छातीचा जुना आजार अशी वेगवेगळी नावे होती. २०१६ पासून जगभरचे पशुवैद्य सौम्य आणि तीव्र असे दोन्ही प्रकार ‘अश्वदमा’ या एकाच छत्राखाली मोजतात. तीव्र दम्याचा घोडा उभ्या उभ्या ओळखता येतो: नाकपुड्या फुगलेल्या, उच्छ्वासाला पोट दोनदा आत खेचलेले, आणि त्या रोजच्या मेहनतीने बरगड्यांच्या खालच्या कडेने स्नायूची स्पष्ट रेघ उठलेली. सौम्य दम्याचा घोडा मात्र ‘आळशी’ ठरतो आणि चाबूक खातो.

त्यात आपल्या सवयींची भर. चंदीचा तोबरा तोंडाला बांधला की हरभऱ्याच्या कोंड्याचा सगळा भुसा नाकपुडीच्या दारात. गवत उंच टांगले की धूळ वरून नाकात, आणि मान वर राहिल्याने आतला शेंबूड खाली निथळत नाही. घोडा मान खाली घालून चरतो, त्यात त्याच्या श्वासनलिकेची साफसफाईही होत असते. टेंपोत मान वर बांधून वसईहून निघालेला घोडा घोडबंदरच्या कोंडीत दोन-तीन तास अडकला, तर ती साफसफाई तितका वेळ बंद. लांबच्या प्रवासानंतर दोन-चार दिवसांत ताप येऊन फुप्फुसावरच्या आवरणात पाणी भरते, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते.

आता दुर्बिणीकडे वळू. घोड्याच्या घशात नळी घालून बघण्याचा प्रयत्न व्हिएन्नातल्या पशुवैद्यांनी १८८० च्या दशकाच्या शेवटी केला होता, पण ती नळी ताठ होती आणि घोडा काही ताठ राहणारा प्राणी नव्हे. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ मध्ये, म्हणजे त्याच सुमारास. तेव्हाचे साळोत्री घसा तपासत ते बोटांनी चाचपून आणि कान लावून. खरा बदल झाला तो काच वाकवता आल्यावर. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते, असे दाखवणारा लेख ‘नेचर’मध्ये छापला. १९५७ पर्यंत माणसाच्या जठरात शिरणारी लवचीक दुर्बीण तयार झाली आणि सत्तरच्या दशकात ती घोड्यांच्या नाकात पोचली. पुढे टोकाला बसवलेल्या इवल्या कॅमेऱ्याने काचतंतूंची जागा घेतली, आणि एकट्या वैद्याने डोळा लावून बघायचे ते मालक, मोतद्दार सगळेच पडद्यावर बघू लागले. माझ्या लेखी हा फरक काचतंतूंच्या शोधाइतकाच मोठा आहे. आपल्या घोड्याच्या श्वासनलिकेतला पिवळा ओघळ ज्याने स्वतः पाहिला, त्याला गवत बदला म्हणून दोनदा सांगावे लागत नाही.

तपासणी फार लांबत नाही. घोडा आडखांबात उभा, वरच्या ओठाला दोरीचा पीळ, एकाने डोके धरलेले. साधारण बोटाएवढ्या जाडीची नळी नाकपुडीच्या तळाकडून आत सरकवतात. वरच्या अंगाने गेली तर नाजूक पडदे दुखावतात, रक्त येते, आणि मग घाबरलेला घोडा दुसऱ्यांदा जवळ येऊ देत नाही. स्वरयंत्राची हालचाल पाहायची असेल तर गुंगीचे औषध शक्यतो टाळतात, कारण गुंगीत ते स्नायूही ढिले पडतात आणि निरोगी घोडा रोगी ठरतो.

आत गेल्यावर आधी दिसतात नाकातली वळकट्यांची हाडे, त्यांच्या मागे वासाच्या भागातला चक्रव्यूह. एका नाकपुडीतून थोडे थोडे रक्त येत असेल तर गाठ तिथे दडलेली असू शकते. पुढे घसा. दोन-तीन वर्षांच्या शिंगरांत घशाच्या छतावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. ते वाढत्या वयाचे लक्षण, त्यांवर औषधांचा मारा करण्यात अर्थ नसतो. घशाच्या दोन्ही बाजूंना दोन फटी आहेत. त्यांच्या आत हवेच्या पिशव्या, प्रत्येकीत ३०० ते ५०० मिलिलिटर जागा. माणसात असे काही नाही. या पिशवीच्या भिंतीला लागून मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आणि गिळण्याच्या, आवाजाच्या नसा जातात. पिशवीत बुरशी वाढून रोहिणीला लागली, तर आधी बारीकसे रक्त येते, आणि काही दिवसांनी एका रात्रीत घोडा रक्तस्रावाने मरतो. म्हणून घोडा धावलेला नसताना एका नाकपुडीतून आलेले रक्त ‘उष्णतेने आले’ म्हणून सोडून देऊ नये. स्ट्रँगल्स या घशाच्या गळवांच्या आजारातून बरे झालेल्या काही घोड्यांच्या याच पिशवीत पू सुकून त्याच्या गोळ्या बनतात. दिसायला धडधाकट असलेला तो घोडा महिनोन्‌महिने सबंध तबेल्याला रोग वाटत राहतो. दुर्बिणीशिवाय तो सापडणे कठीण.

मग स्वरयंत्र. श्वास आत घेताना त्याच्या दोन्ही कूर्चा दरवाजाच्या फळ्यांसारख्या बाजूला सरल्या पाहिजेत. उंच घोड्यांत डावी फळी मागे राहते, आणि त्याचे कारण शरीररचनेत आहे: डाव्या बाजूची नस मेंदूकडून निघून मानेतून छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि तेवढेच अंतर परत चढून घशाशी येते. इतकी लांब नस टोकाकडून झिजते, स्नायू सुकतो, फळी हवेच्या वाटेत लोंबते आणि धावताना शीळ किंवा घरघर उमटते. वैद्य तिच्या चार पायऱ्या मांडतात: पहिलीत दोन्ही फळ्या सारख्या उघडतात, चौथीत डावी हलतच नाही. मधल्या दोन पायऱ्यांवरून घोड्यांच्या बाजारात पुष्कळ भांडणे होतात. फळी पूर्ण उघडते की नाही हे पाहायला नाकपुड्या थोडा वेळ बंद धरून घोड्याला खोल श्वास घ्यायला लावतात, किंवा नळीतून पाण्याचा शिडकावा करून गिळायला लावतात. आमच्याकडच्या मध्यम उंचीच्या मारवाडी-काठेवाडी घोड्यांत हा दोष कमी आढळतो. त्यामुळे वरातीचा घोडा घरघरत असेल तर आधी इतरत्र शोधावे, हे माझे मत.

सगळ्यात खाली श्वासनलिका. इथे शेंबूड किती, हे शून्य ते पाच अशा अंकांत नोंदवतात. पण दुर्बिणीची मजल मोठ्या नळ्यांपर्यंतच. खरा दमा असतो त्या बारीक नळ्यांत ती पोचत नाही. तिथले उत्तर हवे असेल तर लांब नळीने मिठाचे निर्जंतुक पाणी आत सोडून परत ओढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. निरोगी घोड्यात सुजेच्या पांढऱ्या पेशी पाच टक्क्यांच्या आत असतात; तीव्र दम्यात त्या पंचवीस टक्क्यांच्या वर जातात. दुर्बिणीचे चित्र स्वच्छ आले म्हणून घोड्याला दमा नाही, हा निष्कर्ष नवशिके हमखास काढतात.

दुसरी मर्यादा उभे राहण्याची. मऊ टाळू सुटून स्वरयंत्रावर येण्याचा दोष बहुधा भरधाव धावतानाच होतो. मालक म्हणतो, घोडा मध्येच गिळतो, गडगडतो आणि थांबतो. तपासणीच्या खोलीत तोच घोडा निर्दोष. त्यासाठी ऐंशीच्या दशकात धावत्या पट्ट्यावर घोडा पळवून तपासायला सुरुवात झाली, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत लगामाला बांधलेली, चित्र बिनतारी पाठवणारी दुर्बीण आली. तिच्यामुळे शांत तपासणीवरून केलेली कितीतरी निदाने चुकीची होती, हे उघड झाले.

शर्यतीच्या जगाला धक्का देणारी गोष्ट दिसली ती रक्ताची. नाकातून रक्त थोड्याच घोड्यांच्या येते. पण शर्यतीनंतर तीस ते नव्वद मिनिटांत दुर्बीण घातली तर श्वासनलिकेत रक्ताचे ओघळ कितीतरी जास्त घोड्यांत सापडतात. २००५ मध्ये मेलबर्नमधल्या ७४४ घोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांपैकी निम्म्याहून अधिक घोड्यांत असे रक्त होते. ज्यांच्यात ते नव्हते किंवा अगदी थोडे होते, त्यांची जिंकण्याची शक्यता बाकीच्यांच्या चौपट होती. ‘घोडा आज मनावर घेऊन धावला नाही’ हे जुगाऱ्यांचे लाडके वाक्य या आकड्यापुढे टिकत नाही.

एक इशारा इथेच देतो. पुढे तो वेगळ्या प्रकरणात आहेच. २००६ मध्ये ग्लँडर्स हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. तो माणसालाही होतो, आणि जीव घेतो. नाकात व्रण, चिकट पिवळसर स्राव, कातडीखाली गाठींची माळ असे काही दिसले तर दुर्बीण बाजूला ठेवावी. आधी पशुसंवर्धन विभागाला कळवून रक्ताचा नमुना द्यावा. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची खात्री होते. अशा नाकात नळी घालणारा वैद्य स्वतःचा आणि पुढच्या प्रत्येक घोड्याचा जीव धोक्यात घालतो. इतर वेळीही एका घोड्यानंतर नुसत्या फडक्याने पुसून नळी दुसऱ्यात घालणे म्हणजे रोगाची ने-आण आपल्या हाताने करणे. आतल्या पोकळ्या योग्य रसायनाने धुऊन, मग स्वच्छ पाण्याने खळबळून काढल्याच पाहिजेत.

अलीकडे फोनला जोडायचे, गटारात नि इंजिनात बघायचे स्वस्त कॅमेरे मिळतात, आणि ते घोड्याच्या नाकात घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचे टोक वळवता येत नाही, पाणी सोडता येत नाही, निर्जंतुक करता येत नाही. घोड्याने झटका दिला तर पडदा फाटतो. कृपा करून हा प्रयोग करू नये.

दुर्बिणीसाठी पैसे नसतील तर तिच्याआधी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला खर्च नाही. सकाळी चंदीपूर्वी, घोडा शांत असताना, बरगडीमागच्या कुशीची हालचाल मिनिटभर मोजावी. खोकला कधी येतो ते लिहून ठेवावे: गवत टाकल्यावर, झाडू मारताना, की चढावर. झाडताना घोडा बाहेर बांधावा. गवत दहा ते तीस मिनिटे भिजवून, निथळून, जमिनीवर घालावे, आणि उरलेले संध्याकाळपर्यंत ठेवू नये, कारण आपल्या उकाड्यात ते आंबते. तापाचा आजार होऊन गेला असेल तर जितके दिवस ताप होता तितके आठवडे विश्रांती द्यावी; १९८७ आणि २००८ च्या फ्लूच्या साथींनंतर घाईने कामाला जुंपलेल्या घोड्यांचा खोकला लांबला. एवढे करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा नाकातून रक्त आले, एकाच बाजूने घाण वास येणारा स्राव वाहू लागला, घास नाकातून परत येऊ लागला, तर मात्र थांबू नये, दुर्बीण घालून घ्यावी.

या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे मालक आणि मोतद्दारांसाठी आहेत. त्यांत लॅटिन नावे नाहीत. चौथ्यापासून पशुवैद्यांचा भाग सुरू होतो, आणि तिथे चित्रे शक्यतो निरोगी घोड्यांची आधी दिली आहेत, कारण निरोगी घसा शंभरदा पाहिल्याशिवाय रोगी घसा ओळखता येत नाही. अखेरीस एक तक्ता जोडला आहे. तो फाडून तबेल्याच्या भिंतीला लावावा. त्यात रोजच्या श्वासांची नोंद, खोकल्याची वेळ, आणि चालू असलेले गवत कुठून आणि कोणत्या महिन्यात आले, असे तीन रकाने आहेत. दुर्बीण घेऊन येणाऱ्या वैद्याला आधी तो तक्ता दाखवावा.